खिडकीतली निळी बरणी
मुलांनो, डोळे मिटा आणि सातपूरच्या एका खोलीची खिडकी डोळ्यांपुढे आणा. साल अठ्ठ्याण्णव. खिडकीत काचेची बरणी आहे, तिच्यात निळंशार पाणी आणि दोऱ्याला लटकलेला शेंगदाण्याएवढा निळा खडा. ही बरणी त्या खोलीत राहणाऱ्या मंजूची. तिचे आप्पा तांब्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात कामाला होते. त्यांनीच गरम पाण्यात विरघळेल तेवढं मोरचूद घालून, वर आम्लाचे चार थेंब टाकून हे तिला करून दिलं होतं. "हलवू नको," ते म्हणाले होते. "पाणी उडत जाईल तसा खडा वाढेल. दिवाळीला बोराएवढा होईल बघ." दिवाळीआधीच आप्पा तापाने गेले. दहाव्याला मंजू नदीवरून परतली, तेव्हा नामपूरच्या आत्याने घर धुऊन काढलं होतं. "सुतकातलं शिळं पाणी ठेवत नाय, पोरी. समदं ओतून ताजं भरलं. तुझा खडा मात्र जपून परत सोडला." ताज्या पाण्यात खडा लवकर वाढेल, असं मंजूलाही वाटलं. सकाळी दोरा रिकामा होता. "माझ्याच हातानं गेला गं!" आत्याला रडू फुटलं. मंजूने बरणी उजेडात धरली. पाणी फिकट निळं झालं होतं; आधीच्या पाण्यात आणखी मोरचूद मावत नव्हतं, ताज्या पाण्यात मावलं आणि खडा विरघळून गेला. विरघळलेलं संपत नाही, पाणी उडालं की परत दिसतं, हे आप्पांनीच शिकवलं होतं. तिने बरणी पुन्हा खिडकीत ठेवली, तोंडावर कागद बांधून त्याला सुईने भोकं पाडली आणि म्हणाली, "आत्या, आता हलवू नको."