मामांचा मुरलेला सिगार

मामांनी बारा वर्षं लाकडी पेटीत मुरवलेला सिगार त्यांच्या पश्चात माझ्याकडे आला. रविवारी सकाळी मी अंगणात खुर्ची टाकून तो पेटवला.

"अर्धा ओढून टाकशील," बायको खिडकीतून म्हणाली. "गिटार अर्धी, पोहणं अर्धं, भिंतीचा रंगसुद्धा अर्धाच."

"हा संपवल्याशिवाय खुर्चीतून उठणार नाही."

"बघते ना मी."

चव झकास होती. राख पडत होती, बशी भरत होती. अर्ध्या तासाने पाहिलं, तर सिगार पेटवताना होता तेवढाच लांब होता. मुरलेला माल सावकाश जळत असेल, असं म्हणून मी ओढत राहिलो.

मग मनगटावरून घड्याळ गळून गवतात पडलं. पाठोपाठ चप्पल पडली. वाकून पाहिलं, तर माझे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. खुर्ची मात्र रोजचीच होती.

"अजून ओढतोय बरं का!" मी ओरडलो.

"आवाज का असा बारीक काढतोयस? नसेल जमत तर सोड की."

"सोडणार नाही!"

बशी काठोकाठ भरली. राखेला बोट लावलं. ती अंगाइतकीच कोमट होती.

दार वाजलं. बायको खुर्चीपाशी आली. तिला माझा रिकामा शर्ट दिसला आणि त्यावर धुमसणारा सिगार.

"गेलाच शेवटी टाकून," ती म्हणाली.

शर्टाच्या कॉलरमधून बाहेर येऊन मी सिगारला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि पुढचा झुरका ओढला.