चिंचोक्याची बकरी

चौसाळ्याच्या दोघी बालमैत्रिणी पन्नास वर्षांनी वाघ-बकरी खेळायला समोरासमोर बसल्या होत्या. बीडला भिमाबाईच्या नातीकडं रविवारी तिच्या मैत्रिणी खेळायला जमत. आज त्यांनी म्हाताऱ्यांनाच पटाशी बसवलं होतं. वाघाचे खडे छबुबाईचे, बकऱ्यांचे चिंचोके भिमाबाईचे. छबुबाई कौतुकानं सांगू लागली, "आमचा पट देवळाच्या पारावर होता. ही खाली हुबी ऱ्हाऊन चाल सांगायची, हिचे चिंचोके मीच हलवायची. लई मजा!" "खाली का?" नातीनं विचारलं. "तिथून हिला पट बेस दिसायचा." भिमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोल गं, कोणता हलवू?" छबुबाईनं सवयीनं चिंचोक्याकडं हात नेला. भिमाबाईनं तिचं मनगट धरलं. "खोटं कावून बोलतीस, छबे? माझ्या पायानं तुमचा पार बाटायचा." तिनं स्वतःच चिंचोका सरकवला. "आता तू दाराशी हुबी ऱ्हाऊन चाल सांग. वाघ मी हलवते."