गारठलेले हात

बर्फाच्या कारखान्यातून घरी आली की ती आधी लेकीच्या कपाळाला हात लावायची. "अहो, पोर तापलीये!"

नवरा हसायचा. "अगं, दिवसभर लाद्या उचलून तुझेच हात गारठलेत. तुला भिंतसुद्धा तापलेली लागेल."

या आठवड्यात लेकीने खरंच अंथरूण धरलं, तरी त्याचं पालुपद तेच. दवाखाना राहूनच गेला.

आज घरात शिरताच तिने कपाळाला हात लावला आणि तशीच बसून राहिली.

"काय गं, आज बोंब नाही मारलीस?" चहा गाळता गाळता त्याने विचारलं. "बघ, दुपारपासून कशी गाढ झोपलीये. उतरला ना ताप?"

"उतरला," ती म्हणाली. "आज माझ्या या हातांनाही ती गार लागतेय."