होडीची ट्रॉली

"होडीच्या ट्रॉलीला रोलर कशाला? माझे हात गळून पडलेत का?" बाबा कडाडले.

सुगंधाने हातातला पाना खाली ठेवला नाही. "खांदा दुखावल्यापासून होडी ढकलायला तुम्हाला माणसं लागतात. तुमचे सोबती येतात कुठे? कालची भरती तुम्ही किनाऱ्यावर ताटकळतच घालवलीत. मला त्यांची चीड येते."

बाबांनी पायानेच नटांचा डबा तिच्याकडे सरकवला.

तिने रोलर घट्ट बसवले. होडी तिरकी होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना उभे पाइप लावले. मग होडीसकट ट्रॉली उतारावरून पाण्यात नेली. बाबांनी एका हाताने रेटताच होडी अलगद घसरली आणि तरंगू लागली.

तेवढ्यात त्यांचा सोबती हिरोजी धावत आला. "अरे, मला हाक मारायचीस ना!"

बाबांचा राग पुन्हा उफाळला, पण आता हिरोजीवर.

"बाजूला हो," ते गरजले. "माझी पोरगी होडीत चढतेय."