रस्त्याने किती लागतात?

"विमानाने पंचावन्न मिनिटं," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "सरळ रेषेत तीनशे किलोमीटर. डोळा लागेपर्यंत पोचाल."

"आणि रस्त्याने किती लागतात?" आईने विचारलं.

"रस्त्याचं नावच काढू नका, मावशी. मधे डोंगर, पुढे खाडीचा वळसा. चौदा तास तरी धरा. उतरल्यावर कंबर धरायची ती वेगळीच."

"चौदा! वा, छान."

माणूस बुचकळ्यात पडला. मग त्याला वाटलं, बिचारी उसनं अवसान आणतेय. "काळजी करू नका. भेटायला जायचं तर दर मंगळवारी हे विमान आहे. आता रोजचंसुद्धा सुरू होणार आहे."

आईचा चेहरा पडला. "कधी?"

"तीन वर्षं झाली, होतंच आहे."

आई खुदकन हसली. तिला हसताना बघून त्यालाही हुरूप आला. "लेक सासरी निघाली वाटतं?"

"सासरी नाही हो, सासरहून."

त्याची नजर मुलीच्या मनगटाकडे गेली. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. तेवढी कातडी पांढरीफटक दिसत होती. पुढे काही न विचारता त्याने बॅग पट्ट्यावर ठेवली आणि बोर्डिंग पास मुलीच्या हातात दिला.

दोघी बाकावर बसल्या. मुलगी एकसारखी बाहेरच्या दाराकडे बघत होती. कुणी पुरुष आत शिरला की आईचा दंड घट्ट धरत होती.

"आई, तो उठला असेल तर?"

"रात्रपाळी करून आलाय. कानाशी ढोल बडवले तरी दुपारपर्यंत उठायचा नाही. झोपेच्या बाबतीत मी त्याला चांगली ओळखून आहे."

"आणि मागोमाग आला तर?"

"कसा येईल? पुढचं विमान मंगळवारी. आणि तू कुठे गेलीस हे त्याला सांगणार कोण? नोकरी आहे, हॉस्टेलची खोली आहे. आता मागे वळून बघायचं नाही."

तेवढ्यात विमानाची घोषणा झाली. मुलगी उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन आईच्या गळ्यात पडली.

"तुम्ही त्याला काय सांगणार?"

"ते माझ्यावर सोड. पळ आधी!"

आई काचेला नाक लावून उभी राहिली. विमान धावलं, वर उठलं, लहान होत होत ढगात शिरलं. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. रडू येईल असं तिला वाटलं होतं. लागली ती सपाटून भूक. तिने कॉफी आणि केकचा भला मोठा तुकडा घेतला आणि किती तरी दिवसांनी चवीने खाल्लं.

शेवटचा घास तोंडात असतानाच पर्समधला फोन वाजला. तिने ओठ पुसले आणि सावकाश कानाला लावला.

"आई, कुठेयस तू?" पलीकडून मुलगा खेकसला. "उठून बघतो तर तुझी सून घरात नाही!"