हळदीचं पाणी

"झिरपणारं पाणी नितळ आहे तवर ते तुही गंगामाय. गढूळ दिसलं, का धरण फुटाले आलं समज अन् खालची वस्ती टेकडीवर ने. शब्द दे मले."

धरणामागच्या बोटिंगच्या तलावाचा चौकीदार असलेल्या नवऱ्याला कौतिकाबाईनं शब्द दिला. तो वारल्यावर धरण पाहायला दुसरा माणूस कोणी ठेवलाच नाही. तिचा नेम मात्र चुकला नाही. रोज सकाळी धरणाच्या पायथ्याशी झिरपणाऱ्या पाण्यानं ती शेंदूर लावलेल्या दगडाच्या गंगामायला अंघोळ घालायची.

आज तांब्यात पिवळं, गढूळ पाणी आलं.

"पळा, धरण फुटते!" ती दारोदार सांगत सुटली.

"भेते कायले, काकू? माय हळद खेळून राह्यली! औंदा कापसाले भाव येते पाहा. अन् मायले सोडून आम्ही जावं कुठी?"

सारी वस्ती लेकराबाळांसकट, नारळ घेऊन पायथ्याशीच जमली. पाण्याची धार जाड होत चालली होती.

"माफ कर, माय," कौतिकाबाई पुटपुटली.



मग जागेवरून कधीच न हललेली गंगामाय तिनं उचलून पदरात घेतली आणि टेकडी चढू लागली.