सरळ सूर

"काका, गाणं नाहीये. नुसते सूर द्यायचेत," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाली म्हणाली. बासरीवाल्याने हेडफोन कानांवर दाबून घेतले. आपणच चुकीचं ऐकलं, असं त्याला वाटलं.

"नुसते म्हणजे?"

"एकेक. खालपासून वरपर्यंत. प्रत्येक सूर आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. एक झाला की थांबायचं."

आठवडाभर घासूनपुसून तयार केलेली धून बोटांतच राहिली. पण काम ते काम. गेलं वर्षभर त्याचा फोन मुका होता. बायकोने कालच निर्वाणीचं सांगितलं होतं, या स्टुडिओतून पुढे बोलावणी येत राहिली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून तिच्या भावाच्या रंगाच्या दुकानात. मेव्हणा तसा भला माणूस. पण भल्या माणसाच्या दुकानात डबे उचलण्यापेक्षा नुसते सूर परवडले.

त्याने पहिला सूर लावला. सवयीने बोट जरा घरंगळलं आणि सूर खालून अलगद वर आला.

"सरळ, काका. एकदम सरळ."

सरळ तर सरळ. अख्खी हयात ज्या वळणांच्या मागे घालवली, ती गिळून तो सूर देत राहिला. शाळेतली पोरं हजेरी देतात तसा, एकापाठोपाठ एक. मध्येच एक सूर केसभर उतरला.

"चालेल," ती म्हणाली, "नंतर मशीन नीट करेल."

"मशीन कशाला करेल? मी मेलोय का?" त्याला खरंच राग आला. तो सूर त्याने पुन्हा दिला, पुन्हा दिला, मनासारखा लागल्याशिवाय सोडला नाही. कामात खोट ठेवायची आणि वर पुढच्या कामाची आशा धरायची, हे त्याला कधी जमलंच नव्हतं.

चहा आला. पोरगी गुणी होती, बिस्किटं आधी त्याच्यापुढे सरकवायची. त्याला राहवेना.

"एक सांगू का बाई? असल्या सरळ सुरांत जीव नसतो. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये जे होतं ना, खरी बासरी तिथे असते. तेही घेऊन ठेवा."

ती घुटमळली. "ते आपल्या कामात धरलेलं नाहीये काका."

"नसू दे. माझ्याकडून."

आणि त्याने हातचं राखून काही ठेवलं नाही. घसरत जाणारे सूर दिले, थरथरणारे दिले, फुंकर मारून सोडून दिलेले दिले. कुणाला दाखवू नकोस, असं गुरुजींनी बजावलेली एक जागा होती, सुरांचं एक खास वळण. तीही त्याने दिली, वर दोनदा वाजवून दाखवली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याला कान देऊन ऐकत होतं. माणूस तेवढ्यावरही लुटला जातो.

सगळं झाल्यावर तिने त्याला काचेपलीकडे, आपल्या बाजूला बोलावलं. टेबलावर छोटासा कीबोर्ड होता. तिने दोन बोटं ठेवली आणि बासरी वाजू लागली. ही धून त्याने जन्मात वाजवली नव्हती, पण फुंक त्याची होती. घसरण त्याची, थरथर त्याची. गुरुजींची जागासुद्धा आली, आणि अशी बेमालूम आली की त्याच्या तोंडून वाहवा जायची राहिली.

धून वर चढली, वळली, पुढे गेली. बासरीवाला छातीत श्वास भरून थांबला होता. कुठलाही बासरीवाला ऐकताना थांबतो तसा, वाजवणारा श्वास कुठे घेतो हे बघत. तो घेईना. धून चालूच. शेवटी याचाच दम संपला आणि भिंतीला हात टेकून तो खोकायला लागला.

"छान झालंय ना, काका?" तिने मनापासून विचारलं.

"छान आहे." त्याने तोंड पुसलं. "मग गाण्याला कधी बोलावणार?"

ती कीबोर्डकडेच बघत राहिली. "गाण्याला आता... हे आहे ना आता." मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. आधी सांगतात म्हणे सगळ्यांना."

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तो आला असता की नाही, हे त्याचं त्यालाच कळेना, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

तिने धून मशीनवर चालू सोडली आणि ती वायरी गुंडाळू लागली. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. बायको.

"झालं का? काय म्हणाले? पुढचं काम देणार ना?" एका दमात एवढं विचारून ती थबकली. "मागे बासरी वाजतेय का हो?"

"हो."

"म्हणजे तुमच्याबरोबर आणखी कुणाला बोलावलंय?" तिचा आवाज चढला, मग ती क्षणभर ऐकत राहिली. "वाजवतो मात्र छान मेला. अगदी तुमच्यासारखं. कोण आहे हो हा, आपल्या पोटावर पाय द्यायला आलेला?"

काचेपलीकडच्या खोलीत माईकसमोर स्टूल रिकामं होतं. बासरी थांबायचं नाव घेत नव्हती.

"मीच," तो म्हणाला.